वहिनीच्या सिझेरियनच्या टाक्यांजवळ कडक गाठ आली आहे, लगेच ऑपरेशन करून काढावी का?

लगेच नको, ताई. आधी तुकडा तपासा, मग ठरवा. तुम्ही लिहिलंय की गाठ लिंबाएवढी आहे आणि तालुक्याचे डॉक्टर ‘चरबीची दिसते, सोमवारी काढून टाकू’ म्हणाले. मलाही असंच सांगितलं होतं, म्हणून लिहायला बसले.

मी घाटंजी तालुक्यातली. दुसरं सिझेरियन होऊन दीड वर्ष झालं होतं. कापूस वेचताना ओटी बांधली की टाक्यांच्या वर काहीतरी टोचायचं. एका दवाखान्यात गाठ काढली. डॉक्टरांनी ट्रेमध्ये ती चिरून यांना दाखवली. आत पांढरी, पेळूसारखा पीळ असलेली. चरबीची गाठ पिवळी आणि मऊ असते, हे तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक! तपासायला न पाठवताच ती फेकून दिली. आठ महिन्यांत त्याच जागी आधीपेक्षा मोठी गाठ.

मग नागपूरला एमआरआय आणि ट्रू-कट बायोप्सी झाली. जागा बधिर करून जाड सुईने शेवईच्या तुकड्यांसारखे चार धागे काढले, बस. बारीक सुईच्या तपासणीत अनेकदा पेशी पुरेशा मिळत नाहीत, तिच्यावर थांबू नका. निदान निघालं डेस्मॉइड.

हा कॅन्सर नव्हे, शरीरात दुसरीकडे पसरत नाही. पण वावरातल्या कुंद्यासारखा स्नायूत मुळं धरतो, वरवर खुरपला की पुन्हा फुटतो. वर्षाला दहा लाखांत पाच-सहा जणांनाच होतो, त्यातही तरुण बायकांना जास्त. बाळंतपणानंतर पोटाच्या भिंतीत येणं ही त्याची नेहमीची जागा. खात्रीसाठी पॅथॉलॉजीत त्या तुकड्यात बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाची तपासणी करतात.

उपचार म्हणून डॉक्टर म्हणाले, सध्या काहीच करायचं नाही, दर तीन महिन्यांनी एमआरआय करू. हे भडकलेच, ‘एवढ्या दूर येऊन नुसतं बघत बसायचं?’ पण आता सुरुवातीला हीच पद्धत धरतात, कारण काही गाठी आपोआप थांबतात किंवा आकसतात. 2018 साली डेस्मॉइडवर सोराफेनिब नावाच्या गोळीची 87 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीही पाचातल्या एकाची गाठ लहान झाली होती! वाढतच राहिली, दुखायला लागली, तर गोळ्या आहेत, ऑपरेशनही आहे. माझी सहा सेंटिमीटरची होती, आता चार आहे, आणि मी वेचणीला जाते.

मात्र वहिनींची गाठ डेस्मॉइडच असेल असं नाही. टाक्यांजवळ एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी तिथे रुजून झालेली गाठही येते. ती बहुतेक वेळा पाळीच्या दिवसांत दुखते, फुगते, आणि तिथे ऑपरेशनच करतात. माहेरी कोणाला आतड्यात खूप कोंब (पॉलिप) येण्याचा आजार किंवा आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, डेस्मॉइडचा त्याच्याशी संबंध असतो.

सोमवारचं रद्द करा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेज, जे जवळ पडेल तिथे जा. बायोप्सीच्या स्लाइड (तपासलेल्या काचा) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घरी ठेवा, मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच लागतात. आणि पाळीत गाठ दुखते का, हे आज रात्रीच वहिनींना विचारून मला इथे लिहा.