जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची म्हणताय, पण थांबा

दादा, तुमचा प्रश्न वाचला. राधानगरीच्या बाजूला शेती, डुकरं न् गवे ऊस झोपवतात, तुमच्याकडे साध्या बारा बोअरचं लायसन्स आहे आणि ओळखीचे एक रिटायर्ड साहेब त्यांची जुनी सेमी-ऑटोमॅटिक शिकारी रायफल द्यायला तयार आहेत, म्हणतात "आत्ता घेऊन जा, कागदं मागनं करू". आजिबात घेऊन येऊ नका. टोकन पण देऊ नका.

आर्म्स रूल्समध्ये सेमी-ऑटोमॅटिक बंदुका, थोडे अपवाद सोडले तर, प्रतिबंधित वर्गात येतात आणि त्याचं लायसन्स कलेक्टर ऑफिसात मिळत नाही, केंद्र सरकारची परवानगी लागते. साहेबांकडे ती कायदेशीर असेलही, पण तुमच्या घरात आली की आर्म्स अ‍ॅक्टचं कलम ७ (परवानगीशिवाय प्रतिबंधित हत्यार बाळगायला बंदी) लागतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त १४ वर्षं शिक्षा आहे. घरात लहान पोरं आहेत म्हणता, म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय.

मग साधी सेकंडहँड बंदूक घेणार असाल तर आधी त्यांचं लायसन्स बुक हातात घ्या, त्यातला नंबर आणि बंदुकीच्या बॉडीवरचा, नळीवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळतोय का बघा, उजेडात धरून बोट फिरवा, घासल्यासारखं किंवा परत ठोकल्यासारखं वाटलं तर विषय तिथंच सोडा. कारण नंबर खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडते त्यानंच तो खोडला असं कोर्ट धरून चालतं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. दोघांच्या लायसन्सवर यूआयएन, म्हणजे लायसन्सधारकाचा युनिक ओळख नंबर, आहे ना तेही बघा. विकणाऱ्यानं कलेक्टरला किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं, त्याची पोच घ्या. तुमच्या नावावर आता दोनच हत्यारं चालतात, तिसरं नाही.

अजून एक, अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहत असाल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुमची नोंदणी वनखात्याकडे लागते, झालीय का ते विचारा. आणि लायसन्स असलं म्हणजे डुक्कर मारता येतं असं नाही, त्याला वेगळी परवानगी लागते, गवा तर शेड्यूल एकमधला, म्हणजे कायद्यात सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीतला. नुकसान झालं की लगेच वनरक्षकाला बोलवून पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज तिथूनच सुरू होतो.

तुमच्या लायसन्सच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा, कुठलं हत्यार त्यावर बसतं ते बघून सांगतो, तोवर साहेबांना नाही म्हणून कळवा.