कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलातले पूल १९८१ साली का कोसळले? ते हॉटेल आज आहे का?

हॉटेल आहे आणि चालूही आहे. इमारत तीच, चाळीस मजली. २०११ च्या अखेरीपासून तिच्यावर शेरेटनची पाटी आहे. मुळात इमारत पडलीच नव्हती. पडले ते लॉबीत टांगलेले दोन पादचारी पूल. मी स्टील स्ट्रक्चरच्या डिझाइनमध्ये काम करतो आणि ‘फॅब्रिकेटरने रॉड बदलला म्हणून पूल पडला’ असं हे प्रकरण एका वाक्यात उरकलेलं मला फार खटकतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. (फॅब्रिकेटर म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे स्टीलचे भाग तयार करून देणारी कंपनी.)

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं हे हॉटेल जुलै १९८० मध्ये उघडलं. चार मजली उंच लॉबीत तीन पूल होते, प्रत्येकी सुमारे ३७ मीटर लांब, स्टीलच्या रॉडवर छताला टांगलेले. चौथ्या मजल्याचा पूल बरोबर दुसऱ्या मजल्याच्या पुलाच्या डोक्यावर होता. तिसऱ्या मजल्याचा बाजूला, स्वतंत्र टांगलेला होता, तो वाचला.

मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत एकच अखंड रॉड होता. पण मग चौथ्या मजल्याच्या बीमखाली नट चढवायला खालून तिथपर्यंत रॉडला आटे पाडावे लागणार. ते अवघड, शिवाय उभारणीत आटे खराब होण्याची भीती. म्हणून रॉडचे दोन भाग झाले: एक छतापासून चौथ्या मजल्याच्या बीमपर्यंत, दुसरा त्याच बीमच्या शेजारच्या भोकातून खालच्या पुलापर्यंत. विहिरीत सोडलेल्या दोराला दोन माणसं लटकली आहेत असं समजा. खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोरावरचं वजन तेवढंच राहतं, पण वरच्याच्या मुठीवर दोघांचा भार येतो. इथे ती मूठ म्हणजे चौथ्या मजल्याच्या बीमखालचा नट.

आणि तो बीम कसा होता, तर दोन चॅनेल (इंग्रजी C च्या आकाराचे स्टीलचे लांब तुकडे) तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली पेटी. रॉडचं भोक नेमकं त्या वेल्डच्या रेषेवर. म्हणजे सगळा भार चॅनेलच्या पातळ कडांवर. कडा वाकल्या, वेल्ड उकलला आणि बीम नटावरून खाली निसटला. एक जोड गेल्यावर बाकीच्यांना तो भार पेलणं शक्यच नव्हतं.

अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने याची चौकशी केली. बांधलेला जोड शहराच्या बांधकाम नियमांनुसार लागणाऱ्या ताकदीच्या जेमतेम ३० टक्के होता. पण अखंड रॉडचा मूळ जोडसुद्धा ६० टक्क्यांच्या आसपासच भरला! म्हणजे बदल केला नसता तरी डिझाइन नियमात बसत नव्हतं. फॅब्रिकेटरचं गणित चुकलं, यापेक्षा मला हे जास्त गंभीर वाटतं की त्या जोडाचं गणित कुणी केलंच नाही. कन्सल्टंटला, म्हणजे डिझाइन करणाऱ्या इंजिनियरांना, वाटलं फॅब्रिकेटर बघेल, फॅब्रिकेटरला वाटलं कन्सल्टंटने बघितलंय, आणि शॉप ड्रॉइंगवर (फॅब्रिकेटरने भाग बनवण्यासाठी काढलेल्या ड्रॉइंगवर) मंजुरीचा शिक्का बसला. त्याआधी ऑक्टोबर १९७९ मध्ये, काम चालू असताना, याच लॉबीच्या छताचा मोठा भाग कोसळला होता. फेरतपासणी झाली, तरी पुलांचा हा जोड सुटला तो सुटलाच.

१७ जुलै १९८१, शुक्रवार. लॉबीत नाचाचा कार्यक्रम होता, सुमारे १६०० माणसं. संध्याकाळी सातच्या सुमारास वरचा पूल खालच्यावर आणि दोन्ही मिळून खालच्या गर्दीवर आले. ११४ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. फुटलेल्या पाइपांचं पाणी लॉबीत साचत होतं, अडकलेले लोक त्यात बुडतील अशी वेळ आली होती. क्रेन लावून ढिगारा उपसायचं काम रात्रभर चाललं. पुलावर लोक तालात नाचत होते म्हणून तो हलून पडला, असं तेव्हा बोललं गेलं आणि आजही कुठे कुठे वाचायला मिळतं. ते खरं नाही. त्या वेळी पुलांवर असलेला भार डिझाइनमध्ये धरायच्या भारापेक्षा पुष्कळ कमी होता.

रॉडमधला बदल काही दिवसांतच ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वर्तमानपत्राने स्ट्रक्चरल इंजिनियरच्या मदतीने शोधून छापला. त्या वार्तांकनाला पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

शिक्षा झाली का? फौजदारी नाही. जॅक गिलम आणि डॅनियल डंकन या कन्सल्टंट इंजिनियरांना घोर निष्काळजीपणाबद्दल दोषी धरून त्यांचे मिसुरीतले परवाने रद्द झाले. जोडाचं डिझाइन फॅब्रिकेटरचं काम आहे, हा बचाव १९८८ साली अपील न्यायालयानेही मानला नाही. मला हा निकाल पूर्ण योग्य वाटतो. ज्याचा शिक्का, त्याची जबाबदारी. आमच्याकडे शॉप ड्रॉइंग येतात तेव्हा ‘लवकर सही करा, साइट थांबलीय’ असे फोन सुरू होतात. तरी बदललेल्या जोडाचं गणित टेबलावर आल्याशिवाय मी सही करत नाही.

हॉटेल १९८१ सालीच पुन्हा उघडलं. नवा पूल एकच बांधला, तोही जमिनीतून उभ्या केलेल्या खांबांवर. मृतांचं स्मारक व्हायला मात्र २०१५ साल उजाडलं. हॉटेलजवळच्या एका बागेत ते आहे. तुम्ही सिव्हिलचे विद्यार्थी असाल तर ब्युरोचा १९८२ चा चौकशी अहवाल जरूर वाचा, तो इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यातले उकललेल्या बीमचे फोटो नीट बघा आणि तो जोड एकदा स्वतः सोडवून पाहा.