वाचकांचे प्रश्न : सेनेगालचे सेंघोर

प्रश्न : आफ्रिकेतील पहिल्या पिढीचे राष्ट्राध्यक्ष एकतर मरेपर्यंत सत्तेवर राहिले किंवा लष्कराने त्यांना हटवले, असे नेहमी वाचनात येते. सेनेगालचे लेओपोल्ड सेदार सेंघोर मात्र स्वतःहून पायउतार झाले. मग त्यांना खरे लोकशाहीवादी म्हणता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : राजीनाम्याची गोष्ट खरी आहे. 5 सप्टेंबर 1960 रोजी सेंघोर सेनेगालचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि 31 डिसेंबर 1980 रोजी, वयाच्या 74 व्या वर्षी, मुदत शिल्लक असताना त्यांनी पद सोडले. त्यांच्या शेजाऱ्यांशी तुलना केली की या घटनेचे मोल कळते. घानाचे एन्क्रुमा 1966 मध्ये आणि मालीचे मोदिबो केता 1968 मध्ये लष्करी उठावात गेले, तर गिनीचे सेकू तुरे आणि आयव्हरी कोस्टचे उफुए-ब्वानी यांची सत्ता त्यांच्या मृत्यूनेच संपली.

परंतु ‘खरे लोकशाहीवादी’ हे विशेषण मी इतक्या सहज लावणार नाही. 1976 मधील घटनादुरुस्तीने अशी सोय झाली होती की राष्ट्राध्यक्षांची जागा मध्येच रिकामी झाल्यास पंतप्रधानाने उरलेली मुदत पूर्ण करावी. त्यामुळे सेंघोर यांनी 1970 मध्ये स्वतः पंतप्रधानपदी नेमलेले अब्दू दियूफ 1 जानेवारी 1981 रोजी मतदारांपुढे न जाताच राष्ट्राध्यक्ष झाले. सेंघोर यांनी सत्ता सोडली, पण ती कोणाच्या हाती जावी हे ठरवूनच सोडली; आणि त्यांचा पक्ष त्यानंतरही 2000 पर्यंत सत्तेवर राहिला.

विरोधी पक्षांच्या बाबतीतही हीच वृत्ती दिसते. 1966 पासून देशात प्रत्यक्षात एकच पक्ष उरला होता. 1974 मध्ये अब्दुलाये वाद यांच्या पक्षाला परवानगी मिळाली आणि 1976 मध्ये कायद्याने तीन पक्ष मान्य झाले. मात्र त्या तिघांच्या विचारसरणीही कायद्यानेच नेमून दिल्या. एक उदारमतवादी, एक समाजवादी, एक मार्क्सवादी. मधली समाजवादी जागा सेंघोर यांच्या पक्षाने घेतली, आणि वाद यांचा कल मजूरपक्षीय असतानाही त्यांना उदारमतवादी ही पाटी लावून घ्यावी लागली. इतिहासकार शेख अंता दियोप यांच्या पक्षाला या तीन खणांत जागा मिळाली नाही. त्याला मान्यता मिळाली ती दियूफ यांच्या काळात. तरीही 1978 च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षांसमोर प्रतिस्पर्धी उभा राहिला, हे त्या काळाच्या मानाने लहान पाऊल नव्हते. सेंघोर यांना त्या वेळी सुमारे 82 टक्के मते मिळाली.

प्रश्न : सेनेगालमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक लोक मुसलमान असताना एक कॅथलिक नेता वीस वर्षे राष्ट्राध्यक्ष कसा राहिला? आणि त्यांनी आपल्याच पंतप्रधानांना तुरुंगात टाकले होते, हे खरे का? (एक वाचक, औरंगाबाद)

उत्तर : या दोन्ही प्रश्नांची मुळे एकाच ठिकाणी, म्हणजे भुईमुगाच्या शेतात आहेत, म्हणून त्यांचे उत्तर एकत्रच देतो.

सेंघोर यांचा जन्म 1906 मध्ये किनाऱ्यावरील जोआल या गावी, सेरेर जमातीतील एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. फ्रेंच राजवटीत सें-लुई, डाकार, गोरे आणि रुफिस्क या चार शहरांच्या रहिवाशांना नागरिकत्वाचे हक्क होते, तर बाकीची सारी जनता केवळ प्रजा मानली जात असे. 1945 मध्ये सेंघोर प्रथम फ्रेंच संसदेत गेले ते शहरी नेते लामिन गे यांच्या छायेत. परंतु 1946 नंतर प्रजेलाही नागरिकत्व मिळाले आणि ग्रामीण मतदार वाढत जाणार हे सेंघोर यांनी ओळखले. 1948 मध्ये त्यांनी वेगळा पक्ष काढला, खेडोपाडी हिंडून तो बांधला आणि 1951 मध्ये गे यांचा पराभव केला. गे मुसलमान होते, सेंघोर कॅथलिक. पण मतांचा निर्णय धर्मावर झाला नाही.

तो झाला मुख्यतः मराबूंच्या पाठिंब्यावर. मराबू म्हणजे सूफी पंथांचे गुरू. त्यांपैकी मुरीद पंथाचे शिष्य गुरूच्या शब्दावर भुईमूग पिकवत, आणि देशाची निर्यात जवळजवळ सगळी याच पिकावर उभी होती. तूबा येथील मुरीद पंथप्रमुख फालिलू म्बाके यांच्याशी सेंघोर यांचे संबंध अखेरपर्यंत घनिष्ठ राहिले. राज्याने मराबूंना जमीन, कर्ज आणि मान द्यायचा, मराबूंनी मते द्यायची, असा हा न लिहिलेला करार होता.

पंतप्रधान मामादू दिया यांनी नेमका याच कराराला धक्का लावला. दिया हे श्रद्धाळू मुसलमान, सेंघोर यांचे जुने सहकारी आणि त्यांनीच राजकारणात आणलेले. भुईमुगाचा व्यापार दलालांच्या हातून काढून सहकारी संस्थांकडे द्यावा आणि एकाच पिकावरचे अवलंबन कमी करावे, अशी त्यांची योजना होती. व्यापारी, मराबू आणि अनेक प्रतिनिधी यामुळे बिथरले. डिसेंबर 1962 मध्ये संसदेत अविश्वासाचा ठराव आला. 17 डिसेंबरला दिया यांनी पोलिसी दले पाठवून सभागृह रिकामे केले, तेव्हा प्रतिनिधींनी लामिन गे यांच्या घरी जमून ठराव मंजूर केला. सैन्याने सेंघोर यांची बाजू घेतली आणि दुसऱ्या दिवशी दिया यांना अटक झाली. पुढच्या वर्षी त्यांना जन्मठेप झाली आणि 1974 मध्ये त्यांची सुटका झाली. दरम्यान 1963 च्या नव्या घटनेने पंतप्रधानपदच रद्द केले होते; ते 1970 मध्ये दियूफ यांच्यासाठी पुन्हा आणले गेले.

सभागृह रिकामे करणे ही दिया यांची चूकच होती, हे मान्य करायला हवे. तरीही त्यांनी राज्य उलथवण्याचा कट केला, हा आरोप मला पटत नाही. ज्याच्या हाती सरकार आहेच, तो कोणाविरुद्ध उठाव करणार? सेंघोर यांच्या कारकिर्दीवरचा हा सर्वांत मोठा डाग आहे असे माझे मत आहे. शिवाय भुईमुगावरचे अवलंबन तसेच राहिले आणि सत्तरच्या दशकातील दुष्काळांत त्याची किंमत शेतकऱ्यांनी मोजली.

प्रश्न : सेंघोर हे कवी होते, तसेच फ्रेंच व्याकरणाचे जाणकार होते, असे ऐकले आहे. राज्यकारभारात याचा काही परिणाम दिसतो का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : दिसतो, आणि तो नेहमी सुखद नाही. सेंघोर 1928 मध्ये शिक्षणासाठी पॅरिसला गेले. पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले पोंपिदू तेथे त्यांचे सहाध्यायी होते. 1935 मध्ये व्याकरण विषयातील अध्यापनाची अत्यंत अवघड स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होणारे ते पहिले आफ्रिकी ठरले. एमे सेझेर आणि लेओं दामास यांच्याबरोबर त्यांनी काळ्या माणसाच्या संस्कृतीचा अभिमानाने स्वीकार करणारी ‘नेग्रित्यूद’ ही विचारधारा मांडली. 1940 मध्ये जर्मनांनी त्यांना युद्धकैदी केले, आणि छावणीतही ते कविता लिहीत राहिले. 1966 मध्ये डाकारला भरलेला कृष्णवर्णीय कलांचा पहिला जागतिक महोत्सव आणि सेनेगालच्या राष्ट्रगीताचे शब्द ही याच प्रतिभेची फळे आहेत.

पण व्याकरणाच्या शिक्षकाच्या हाती राजमुद्रा आली की काय होते, याचाही नमुना आहे. सेंघोर सरकारने वोलोफ भाषेच्या शुद्धलेखनाचे नियम हुकमाने ठरवले होते. दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांनी आपल्या एका चित्रपटाच्या वोलोफ नावात ‘द’ हे अक्षर जोडून लिहिले, सरकारी नियमाप्रमाणे ते एकेरी हवे होते, आणि सेम्बेन अडून बसल्याने चित्रपटावर बंदी आली. चित्रपटात इस्लामच्या प्रसारावर केलेली टीका मराबूंना रुचणारी नव्हती, हे खरे कारण असावे असे बहुतेकांना वाटते, आणि ते मलाही संभवनीय वाटते. सेंघोर पायउतार झाल्यानंतरच तो चित्रपट सेनेगालमध्ये दाखवला गेला.

भारताशी त्यांचा संबंध भाषेतूनच आला. द्राविडी भाषा आणि आफ्रिकी भाषा यांच्यात नाते असावे, असे त्यांना वाटत असे, आणि म्हणून डाकार विद्यापीठात भारत-आफ्रिका अभ्यासाचा विभाग असावा असा त्यांचा आग्रह होता. भाषाशास्त्रज्ञांनी हे नाते स्वीकारलेले नाही. भारताने त्यांना 1982 चा जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला आणि 1983 मध्ये ते फ्रेंच अकादमीवर, म्हणजे फ्रेंच भाषेच्या सर्वोच्च संस्थेवर, निवडून आलेले पहिले आफ्रिकी ठरले. अखेरची वर्षे त्यांनी नॉर्मंडीतील वेर्सों या गावी काढली आणि 20 डिसेंबर 2001 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. डाकारमधील अंत्यविधीला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्षही आले नाहीत आणि पंतप्रधानही नाहीत; त्याबद्दल फ्रान्समध्येच बरीच टीका झाली. मामादू दिया यांचे निधन त्यानंतर सात वर्षांनी, 2009 मध्ये झाले.