एकाच घरात वाढलेले काका आणि बाबा इतके वेगळे कसे? पूर्वग्रह हा स्वभावच असतो का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: काका आणि वडील एकाच आईवडिलांच्या हाताखाली वाढले, तरी काका जातीबाहेरच्या, धर्माबाहेरच्या कुणाबद्दलही बरं बोलत नाहीत, आणि वडिलांची ऊठबस मात्र सगळ्यांत. हा स्वभाव म्हणायचा का? आणि स्वभावच असेल तर काकांशी वाद घालून काही उपयोग आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी ‘हो’ असं आहे. एका घरात वाढलं की स्वभाव सारखे होतात, ही समजूत जुळ्यांवरच्या आणि दत्तक मुलांवरच्या अभ्यासांत टिकत नाही. माणसामाणसांच्या स्वभावातल्या फरकाचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक निघतो, आणि उरलेल्यात ‘घर एकच होतं’ याचा हिस्सा फार थोडा असतो. सख्खे भाऊ दोन टोकांचे निघाले तर त्यात नवल नाही.

मी पदवीच्या मुलांची मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. त्यात बोगार्डसची सामाजिक अंतर मापनी असते. समोर वेगवेगळ्या समाजगटांची यादी, आणि प्रत्येकापुढे रकाने: या गटातला माणूस नात्यात चालेल का, मित्र म्हणून, शेजारी म्हणून, सहकारी म्हणून, की देशातच नको? सहकाऱ्यापर्यंत, शेजाऱ्यापर्यंत मुलांचं पेन झरझर चालतं. लग्नाच्या रकान्याशी थबकतं. तिथे बहुतेक सगळेच थबकतात, त्यामुळे त्यावरून फार काही ठरवता येत नाही. पण एखाद्या कागदावर यादीतल्या एकूण एक गटापुढे अंतर राखलेलं असतं. ज्याला एक गट नको, त्याला बाकीचेही नको असतात.

यूजीन हार्टली नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने याच मापनीत एक खोडी करून ठेवली होती. खऱ्या समाजांच्या यादीत त्याने डॅनिरियन, पिरेनियन आणि वॉलोनियन अशी तीन मनाने रचलेली नावं घुसडली. ज्या विद्यार्थ्यांना ज्यू नको होते, कृष्णवर्णीय नको होते, त्यांना हे तीन गटही नको झाले! हे १९४६ साली प्रसिद्ध झालं. ‘आम्हाला अनुभव आलाय म्हणून बोलतो’ हे वाक्य काकांच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेलच. डॅनिरियनांचा अनुभव कुणाला आला असणार?

मग हा स्वभाव नेमका कसला? १९५० साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने ‘हुकूमशाही वृत्तीचं व्यक्तिमत्त्व’ (वरच्यांपुढे मान तुकवायची, खालच्यांशी आणि परक्यांशी कडक राहायचं) अशी कल्पना मांडली आणि ते मोजायला प्रश्नावली केली. तिच्यातलं एक विधान साधारण असं: आज्ञापालन आणि वडीलधाऱ्यांचा मान हे मुलांनी शिकायचे सगळ्यांत मोठे गुण. आपल्याकडे याला मान डोलावणार नाही असं घर शोधावं लागेल. शिवाय सगळी विधानं एकाच दिशेची, त्यामुळे जो कशालाही ‘हो’ म्हणतो त्याचेही गुण वाढायचे. पुढे कॅनडाच्या बॉब आल्टमायरने ती बरीच सुधारली.

मला स्वतःला जास्त पटतं ते न्यूझीलंडच्या जॉन डकिट यांचं म्हणणं. ते सांगतात, पूर्वग्रहाकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. काहींना जग धोक्याचं वाटतं. नवं, अनोळखी काही आलं की ते धास्तावतात आणि रीतीभातींना घट्ट धरून बसतात. दुसऱ्यांना जग म्हणजे कुस्तीचा आखाडा वाटतो: कुणीतरी वर, कुणीतरी खाली, आणि आपण वरच असलं पाहिजे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये फ्लॅट भाड्याने द्यायचा विषय निघू दे. पहिल्या वाटेचा माणूस म्हणतो, ‘आपल्या बिल्डिंगचं वातावरण बिघडेल.’ दुसरा म्हणतो, ‘आता हे आपल्या बरोबरीला बसणार का?’ विरोध एकच, पण पोटातली कळ वेगळी. सिब्ली आणि डकिट यांनी २००८ साली ७१ अभ्यास एकत्र केले, त्यात हीच विभागणी दिसली. नव्या अनुभवांची ओढ कमी असलेली माणसं पहिल्या वाटेने जातात. दुसऱ्याबद्दल कळवळा कमी, मिळतंजुळतं घेणं कमी, अशी माणसं दुसऱ्या वाटेने. तुमचे काका कोणत्या वाटेचे, ते त्यांच्या वाक्यांवरून तुम्हालाच ओळखता येईल.

वडिलांना मात्र लगेच संतपद देऊ नका. मोकळ्या, नव्याची आवड असलेल्या माणसांनाही नावडते गट असतात. ते कर्मठ, सोवळ्याओवळ्याचे, जुन्या वळणाचे लोक असतात, एवढंच. अलीकडच्या अभ्यासांत कुणाशीही जुळवून घेणारा स्वभावच काय तो सगळ्याच गटांच्या बाबतीत कमी पूर्वग्रह दाखवतो.

इथवर वाचून ‘म्हणजे स्वभावाला औषध नाही’ असं वाटलं असेल तर थांबा. थॉमस पेटिग्रू यांनी १९५८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना तीच हुकूमशाही वृत्तीची प्रश्नावली दिली. कृष्णवर्णीयांबद्दलचा आकस प्रचंड, पण प्रश्नावलीतले गुण अमेरिकेतल्यांपेक्षा काही फार वेगळे नाहीत. अख्ख्या समाजाचा स्वभाव बिघडलेला नव्हता. चाकोरीच तशी होती आणि माणसं चाकोरीतून चालत होती. त्याआधी, १९५२ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणींवरचा मिनार्डचा अभ्यास आला होता. खाणीत गोरे आणि काळे कामगार खांद्याला खांदा लावून काम करत. वर आले की जग वेगळं. साधारण ६० टक्के गोरे कामगार खाली एक वागत आणि वर दुसरं. दोन्हीकडे नीट वागणारे २० टक्के, दोन्हीकडे वाईट वागणारे २० टक्के. त्या ६० टक्क्यांचा स्वभाव रोज पाळी सुटल्यावर बदलत नसणार.

बाबासाहेब आंबेडकरांनी हे १९३६ सालीच लिहून ठेवलंय. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या, आणि होऊ न दिलेल्या, भाषणात ते म्हणतात की हिंदू जात पाळतात ते अमानुष किंवा विपरीत बुद्धीचे आहेत म्हणून नाही, तर धर्मनिष्ठ आहेत म्हणून. म्हणून घाव माणसावर नाही, ज्या शास्त्रांनी ही शिकवण दिली त्यांच्यावर घाला, असं त्यांचं म्हणणं. अभ्यासक्रमात मिनार्ड आणि पेटिग्रू शिकवताना हे शेजारी का ठेवत नाहीत, मला कधी कळलेलं नाही.

आता काका. वाद घालू नका. घातलात तर तुम्ही त्यांच्या लेखी शत्रूच्या गोटात जाल. त्यापेक्षा एक निष्कर्ष लक्षात घ्या. एकमेकांत मिसळल्याने पूर्वग्रह कमी होतो, हे पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांवरून दाखवलं. मला वाटायचं, हे फक्त मोकळ्या माणसांना लागू पडत असेल. पण बेल्जियममधल्या २००९ च्या अभ्यासात उलट दिसलं: कडक, हुकूमशाही वृत्तीच्या माणसांवर या मिसळण्याचा परिणाम जास्त होतो. अर्थात अशी माणसं आपणहून मिसळायला जात नाहीत, अडचण तीच आहे.

आणि मिसळणं कसं, यालाही महत्त्व आहे. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट सामने भरवले (अभ्यास २०२१ चा). एका संघातून खेळलेल्यांत परजातीतले मित्र वाढले. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांचं जातीबाहेरचं जाणंयेणं मात्र एकंदरीत कमीच झालं.

तेव्हा काकांना जेवायला बोलावून समोरासमोर ‘चर्चा’ घडवू नका. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचं, गणपतीच्या वर्गणीचं, लिफ्टच्या दुरुस्तीचं असं एखादं काम त्यांच्या आणि त्यांना न आवडणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याच्या गळ्यात मिळून पडेल असं बघा. चेअरमन तुमच्या ओळखीचे असतील तर हे जमण्यासारखं आहे. अशा माणसांवर वरून आलेल्या शब्दाचा वचक असतो, त्यामुळे काम चेअरमननी सांगितलेलं बरं, पुतण्याने नको.