डबल मार्करचा आकडा, नवऱ्याचं रक्त आणि साखरेचं पाणी

पहिल्या तीन महिन्यांतल्या तपासण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्र. वय ३१, पहिलीच वेळ. बाराव्या आठवड्यातली एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराचं माप) चांगली आली, पण डबल मार्कर या रक्ततपासणीवर ‘डाउन सिंड्रोम १:१८०, हाय रिस्क’ असं छापून आलंय. बाळात दोष आहे, असाच याचा अर्थ ना? (सातारा)

उ. नाही. असा आकडा आलेल्या १८० जणींपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम, म्हणजे एका जादा गुणसूत्रामुळे होणारा जन्मजात दोष असतो, १७९ जणींच्या बाळांना नसतो. बऱ्याच लॅब १:२५० ही रेघ धरतात. शक्यता तिच्या वर गेली की कॉम्प्युटर ‘हाय रिस्क’ छापतो, बहुधा लाल अक्षरांत, आणि घरातली झोप उडते. ही चाळणी आहे, निदान नव्हे.

आधी रिपोर्टचा वरचा, कुणी न वाचणारा भाग वाचा. जन्मतारीख, रक्त दिलं त्या दिवशीचं वजन, बाळ एक की जुळं, गर्भ आयव्हीएफचा आहे का, मधुमेह आहे का, आणि सीआरएल म्हणजे सोनोग्राफीत मोजलेली बाळाची डोक्यापासून कुल्ल्यांपर्यंतची लांबी. हे माप ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान हवं. यातलं एक जरी चुकलं तरी आकडा हलतो. वजन जास्त असलं की रक्ताचं प्रमाणही जास्त असतं, त्यात तपासणीत मोजले जाणारे पदार्थ विरळ होतात. म्हणून वजन अंदाजे सांगून चालत नाही.

सगळ्यात मोठा घोळ आठवड्यांचा. डबल मार्करमध्ये दोन पदार्थ मोजतात. पॅप-ए हे प्रथिन या दिवसांत वाढत जातं आणि फ्री बीटा एचसीजी हे संप्रेरक उतरत जातं. पाळीच्या तारखेवरून लॅबला तेरा आठवडे कळवले आणि बाळ प्रत्यक्षात साडेअकरा आठवड्यांचं असलं, तर पॅप-ए कमी आणि एचसीजी जास्त दिसतं. डाउन सिंड्रोममध्येही चित्र नेमकं असंच असतं! पाळी अनियमित असेल तर हे हमखास तपासा. एनटीचं माप हिशेबात घेतलंय का, तेही पाहा. रक्त आणि एनटी मिळून १०० पैकी ८५ ते ९० बाळं ओळखता येतात, नुसत्या रक्तावर त्याहून बरीच कमी. चूक सापडली तर दुरुस्त माहिती देऊन लॅबकडून आकडा पुन्हा काढून घ्या. त्याच रक्ताच्या निकालावर तो निघतो, नव्याने सुई टोचावी लागत नाही.

तरीही आकडा तोच राहिला तर पुढे दोन वाटा आहेत. एनआयपीटी ही आईच्या रक्ताची तपासणी दहाव्या आठवड्यानंतर कधीही होते आणि डाउन सिंड्रोमची १०० पैकी ९९ बाळं ओळखते. पण तीही चाळणीच. ती पॉझिटिव्ह आली म्हणून तेवढ्यावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. पक्कं निदान वारेचा तुकडा घेऊन (सीव्हीएस, ११ ते १४ आठवडे) किंवा गर्भजल तपासून होतं. सोळाव्या आठवड्याच्या सुमारास सुईने १५ ते २० मिलिलिटर गर्भजल काढतात. त्यातून गर्भ पडण्याचा धोका अनुभवी हातांत २०० त एकाहूनही कमी असतो. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर एनआयपीटीत वेळ न घालवता थेट निदानाकडे वळतात.

‘आता सोळाव्या आठवड्यात क्वाड्रुपल (चार पदार्थ मोजणारी रक्ताची चाळणी) करून बघू’ असा सल्ला हमखास कुणीतरी देईल. तो ऐकू नका. क्वाड्रुपलचा निकाल ‘लो’ आला तरी पहिला निकाल पुसला जात नाही, हातातले चार आठवडे मात्र जातात.

प्र. माझ्या वहिनीची सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली. दादाचं रक्तही तपासा म्हणतात. तो ठणठणीत आहे, मग कशाला? (नंदुरबार)

उ. वाहक, म्हणजे आजाराचा एकच जनुक अंगात असलेला माणूस ठणठणीतच असतो, म्हणून. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. वहिनी वाहक (एएस) आहेत की आजारी (एसएस), हे एचपीएलसीवरच (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी) कळतं. दादांची नुसती सोल्युबिलिटी करून थांबू नका, त्यांचीही एचपीएलसीच करा. ते थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक आजार) वाहक असतील तर सोल्युबिलिटी निगेटिव्ह येईल आणि तरीही बाळाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकेल. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक.

दादांचं रक्त याच आठवड्यात द्या, कारण वारेच्या तपासणीची मुदत चौदाव्या आठवड्याला संपते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर ते आधी सांगा. निकाल फसवा येतो. लोह फार कमी असेल तर एचबीए-टूचा (ज्यावरून थॅलेसेमियाचा वाहक ओळखतात तो हिमोग्लोबिनचा प्रकार) आकडाही खोटा खाली दिसतो आणि थॅलेसेमियाचा वाहक निसटतो.

प्र. साखरेची तपासणी उपाशीपोटी करायची का? मला ग्लुकोज प्यायलं की उलटी होते. (पुणे)

उ. सरकारी दवाखान्यांत वापरतात त्या पद्धतीत उपाशी राहावं लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत घोट घोट प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्यानंतर झाली तर तपासणी चालू ठेवतात. थंड पाणी घ्या, तेवढाच आराम. आता नॉर्मल आलं तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची.

प्र. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. काय करायचं? (लातूर)

उ. आत्ता इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध तुमच्या अंगात अँटीबॉडी झाल्यात का, ते पाहणारी). ती निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं (त्या अँटीबॉडी होऊ न देणारं) इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत आणखी एक. मधेच रक्तस्राव झाला तर थांबू नका, लगेच दवाखान्यात गट सांगा.

प्र. एचआयव्हीची तपासणी लिहून दिली, तर सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरांना सुनेवर संशय आहे का? (कल्याण)

उ. ती प्रत्येकीला लिहून देतात, सोबत कावीळ-बी आणि सिफिलिससुद्धा. एचआयव्ही लवकर कळून औषधं सुरू झाली, तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण अगदी खाली येतं. सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो. कावीळ-बी असेल तर बाळाला जन्मल्यावर १२ तासांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं असतं, त्याची तयारी आधीच करता येते. सरकारी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि निकाल तुमच्याच हातात देतात, सासूबाईंच्या नाही.