फोड आणणारी रासायनिक अस्त्रे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मस्टर्ड वायूचा स्पर्श झाल्याचे लगेच कळते का?

उत्तर: कळत नाही, आणि खरा धोका तोच आहे. नावात वायू असला तरी हा तेलकट द्रव आहे. सुमारे १४ अंश सेल्सिअसखाली तो गोठतो आणि उष्णतेने त्याची वाफ होते. त्वचेत शिरल्यावर काही मिनिटांतच तो पेशींमधील डीएनएला इजा करतो, वेदना मात्र होत नाही. साधारण २ ते २४ तासांनी डोळे चुरचुरतात, त्वचा लाल होते आणि मग पिवळसर पाण्याचे फोड येतात. काख, जांघ अशा घामेजल्या जागी इजा जास्त होते. जुलै १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधील ईप्र शहराजवळ हा प्रथम वापरला गेला, तेव्हा कित्येक सैनिक फारसा त्रास न जाणवता झोपले आणि डोळ्यांच्या असह्य आगीने जागे झाले.

प्रश्न: रुग्णाच्या फोडातील पाणी लागल्यास बाधा होते का?

उत्तर: नाही. त्या पाण्यात मस्टर्ड उरलेला नसतो. बाधा होते ती रुग्णाच्या कपड्यांवर आणि केसांत राहिलेल्या द्रवामुळे.

प्रश्न: तातडीने काय करावे? यावर उतारा आहे का?

उत्तर: मस्टर्डवर उतारा नाही, म्हणून लक्षणांची वाट न पाहता कपडे उतरवावेत, अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावे, डोळे नुसत्या पाण्याने धुवावेत आणि त्यांवर पट्टी बांधू नये. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतील बारी बंदरात मस्टर्डचे बॉम्ब वाहणारे जहाज हवाई हल्ल्यात बुडाले. तेलकट पाण्यातून काढलेल्या अनेक खलाशांना त्याच ओल्या कपड्यांवर कांबळी गुंडाळून ठेवण्यात आले, कारण पाण्यात काय मिसळले आहे हे डॉक्टरांना सांगितलेच गेले नव्हते. अशा वेळी गोपनीयताही जीव घेते. लुईसाइट या फोड आणणाऱ्या दुसऱ्या रसायनाची गोष्ट वेगळी: त्यात आर्सेनिक असते, त्याची आग तत्क्षणी होते आणि त्यावर डायमरकॅप्रॉल हा उतारा उपलब्ध आहे.

प्रश्न: फोड भरून आल्यावर धोका टळला असे समजावे का?

उत्तर: तसे समजू नये. मोठ्या मात्रेत अस्थिमज्जा (हाडांतील रक्तपेशी तयार करणारा मगज) दबते, पांढऱ्या पेशी घटतात आणि जंतुसंसर्ग जीवघेणा ठरतो. म्हणून रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. (हाच गुणधर्म हेरून नायट्रोजन मस्टर्ड या त्याच्याच जातीच्या रसायनापासून कर्करोगाची सुरुवातीची औषधे घडवली गेली.) सल्फर मस्टर्ड, म्हणजे वर सांगितलेला मस्टर्ड वायू, स्वतः मात्र कर्करोगकारक आहे. जून १९८७ मध्ये इराणमधील सरदश्त शहरावर इराकने मस्टर्डचे बॉम्ब टाकले. तेथील कित्येक नागरिकांना पुढे अनेक वर्षे खोकला, धाप आणि डोळ्यांचे विकार भोगावे लागले.