एड्सचं औषध शास्त्रज्ञांनी शोधलं, मग रस्त्यावर ओरडणाऱ्यांना श्रेय कशाला?

औषध आंदोलकांनी शोधलं नाही, हे कबूलच. पण औषध सापडणं वेगळं आणि ते रोग्याच्या हातात पडणं वेगळं. मी औषधचाचण्यांच्या कामात आहे, त्यामुळे या दोन्हींच्या मध्ये किती काळ जातो ते रोज बघते.

१९८७ मध्ये अमेरिकेत एझेडटी हे एड्सवरचं पहिलं मंजूर औषध आलं. खर्च वर्षाला सुमारे १०,००० डॉलर. त्याच मार्चमध्ये न्यूयॉर्कला ‘अ‍ॅक्ट अप’ ही एड्सच्या रुग्णांसाठी लढणारी आंदोलकांची संघटना उभी राहिली. त्यातल्या कित्येकांना स्वतःलाच लागण झालेली होती.

१४ सप्टेंबर १९८९ ला त्यांच्यातले काही जण सूट घालून, खोटे बिल्ले लावून थेट शेअर बाजारात घुसले. पीटर स्टेली हा त्यातला एक; पूर्वी वॉल स्ट्रीटवरच रोख्यांचे व्यवहार करायचा. सज्जात चढून त्यांनी स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं, एझेडटीच्या कंपनीचे शेअर विका असा फलक सोडला आणि सकाळी बाजार उघडायच्या क्षणी असे भोंगे वाजवले की घंटा त्यात बुडून गेली. काही दिवसांतच कंपनीने किंमत २० टक्क्यांनी उतरवली.

मला मात्र आयरिस लाँग जास्त आवडतात. पेशाने रसायनशास्त्रज्ञ. ‘अ‍ॅक्ट अप’च्या बैठकीला आल्या आणि या लोकांना औषधांतलं काही कळत नाही, हे त्यांना दिसलं. मग शिकवायला बसल्या. विज्ञानाचा गंधही नसलेल्या मार्क हॅरिंग्टनने चाचण्यांच्या परिभाषेची शब्दसूची तयार केली. (फोटो भोंग्यांचे निघतात. शब्दसूचीचा कोण काढणार?) म्हणूनच ११ ऑक्टोबर १९८८ ला आंदोलकांनी औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी औषध प्रशासनाच्या कार्यालयाला वेढा घातला तेव्हा नुसत्या घोषणा नव्हत्या, मुद्दे होते: मरणाच्या दारातल्या माणसाला तुलनेसाठी नकली गोळी देऊ नका, चाचणीत बसत नाही त्यालाही औषध मिळू द्या. पुढच्याच वर्षी डीडीआय हे औषध चाचणी चालू असतानाच अशा रुग्णांना मिळू लागलं. त्याला रीतसर मंजुरी आली १९९१ मध्ये. दोन वर्षं म्हणजे तेव्हा कित्येकांचं उरलेलं आयुष्य होतं.

सगळं गोडगोड नव्हतं. लक्षणं दिसायच्या आधीच एझेडटी सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, हे १९९३ मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवलं. त्यानंतर हॅरिंग्टनच्या गटानेच १९९४ मध्ये सॅक्विनाविर या नव्या औषधाबाबत उलटी भूमिका घेतली: आधी मोठी चाचणी करा, मग मंजुरी द्या. बाकीचे कार्यकर्ते भडकले. मला विचाराल तर हॅरिंग्टनचं बरोबर होतं. पण मी निरोगी आहे, मला असं म्हणणं सोपं जातं.

हल्ली चाचणीचा आराखडा ठरवताना रुग्णांचे प्रतिनिधीही बैठकीला असतात. रुग्णाने इतक्या वेळा रक्त द्यायला यायचं ते कशासाठी, असं त्यांनी विचारलं की आमच्यातले निम्मे समोरच्या कागदात डोकं घालतात.